वानरांच्या टोळीची नोंद

वानरांच्या टोळीचा अभ्यास पहाटे, ती ज्या झाडावर झोपली असेल त्या झाडाखाली सुरू होतो. सिल्वासाच्या दक्षिणेला खानवेल, दुधनीकडे साग, सादडा, खैराचे रान आहे. अशा रानात उजाडताच, टोळी पांगण्याआधी, मोजणी उरकावी लागते. नर, माद्या, पिल्ले वेगवेगळी मोजतात. तान्हे पिल्लू चुकत नाही: जन्मतः ते काळपट असते आणि काही महिन्यांनी आईसारखे राखी होते.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे, आणि सगळी भिस्त त्याच्यावरच. माणसाची नजर भांडणाकडे ओढली जाते. पाने चघळत बसलेली मादी नोंदीतून निसटते. जीन ऑल्टमन यांच्या 1974 च्या निबंधापासून यावरचे उपाय सर्वत्र रूढ झाले. एकच प्राणी ठरलेला वेळ बघायचा आणि तो करेल ते सगळे टिपायचे. किंवा दर ठरावीक मिनिटांनी दिसेल त्या प्रत्येकाची नोंद करायची. वहीत मग ओळीने येते: खाते, खाते, बसली, खाते.

वानर खाते काय, याचे उत्तर अशाच ओळींतून मिळते. पाने, कळ्या, फळे, बिया. उन्हाळ्याच्या तोंडाला पळसाची फुले. फांदी हाताने ओढायची, थोडे तोडायचे, बरेच खाली टाकायचे. हा सांडलेला पाला खायला चितळ झाडाखाली जमतात. कान्हाच्या जंगलात याचा रीतसर अभ्यास झाला आहे. वानराच्या पोटात कप्पे असतात आणि तिथले जिवाणू निबर पाने आंबवतात. त्यामुळे दुपारची लांबलचक विश्रांती आळस म्हणून लिहू नये, तेव्हा पचन चालू असते.

याच वेळी माद्या एकमेकींचे केस विंचरल्यासारखे चाळतात. गोचिडी निघतात, तणावही उतरतो. माद्या सहसा जन्मल्या त्याच टोळीत राहतात. नर वयात येताना बाहेर पडतात आणि नरांच्या वेगळ्या टोळक्यात फिरतात. पुष्कळ टोळ्यांत मोठा नर एकच असतो. त्याला हुसकावून नवा हुप्प्या आला, की अंगावर पिणारी पिल्ले कधीकधी मारली जातात. युकिमारू सुगियामा यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ हे नोंदवले. पुढे सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या टोळ्या पाहून कारण मांडले: पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते. दाटीमुळे बिघडलेले वर्तन म्हणून काहींनी हे बाजूला सारले होते. आज हर्डी यांचे म्हणणे अधिक मान्य आहे, आणि अनेक ठिकाणच्या लांब मुदतीच्या नोंदी पाहता ते पटते.

वानरांखेरीज लाल तोंडाची माकडे नोंदायची, तर सिल्वासाच्या भागात वेगळाच अवघड प्रश्न उभा राहतो. उत्तरेकडचे ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचे बोनेट यांची पश्चिमेकडची सीमा पूर्वी तापी नदी मानली जाई. सिल्वासा तापीच्या दक्षिणेला, दमणगंगेकाठी आहे. पण ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असून बोनेटची जागा घेत आहे, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. माणसांनी पकडून दुसरीकडे सोडलेली माकडे या गोंधळात भर घालतात. म्हणून नुसते ‘माकड’ लिहून भागत नाही. ऱ्हीससची शेपटी आखूड, धडाच्या जेमतेम निम्मी. बोनेटची लांब, धडाएवढी किंवा जास्त, शिवाय डोक्यावर केसांची टोपी. हे दोन्ही तपशील जागेच्या आणि तारखेच्या शेजारीच टिपावे लागतात.