बाभळीची बाज, बाभळीचा पाट

मराठवाड्यातलं देवणी म्हटलं की तिथला देखणा गोवंश आठवतो. त्याच बैलांच्या गाड्यांची चाकं आणि औतं ज्या बाभळीची करत, तिचीच भक्कम बाज आणि पाटही होतो. आरा मशीनवर ओंडका चिरला की आतला तांबूस गाभा वेगळा दिसतो. तोच घ्यावा, बाहेरचा पांढरट भाग भुंगा पोखरतो. फळ्यांच्या टोकांना लगेच रंग फासावा आणि मध्ये पट्ट्या ठेवून त्या सावलीत रचाव्यात. इंचभर जाडीला साधारण वर्षभर वाळवावं लागतं. मराठवाड्याच्या उन्हात घाई केली, तर फळी तडकतेच. खिळा ठोकण्याआधी भोक पाडावं, इतकं हे लाकूड कठीण. बाभळीऐवजी साग, आंबा किंवा चिंच तोडणार असाल, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आधी परवानगी घ्या.