डोळ्यांच्या उंचीवर

परवा नात चित्रकलेचा गृहपाठ घेऊन आली. आगगाडीचे रूळ काढायचे होते. तिने पट्टीने दोन समांतर रेषा ओढल्या आणि हिरमुसली. "आजोबा, ही तर शिडी झाली!" मी म्हटले, "दूर जाताना रेषा जवळ आण आणि एका बिंदूत मिळव." ती म्हणाली, "पण खरे रूळ मिळत नाहीत. मिळाले तर गाडी पडेल ना?"

प्रश्न बिनतोड होता. रूळ मिळत नाहीत, आपली नजर त्यांना मिळवते. तो लोपबिंदू क्षितिजरेषेवर असतो आणि क्षितिजरेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. आपण जमिनीवर बसलो की क्षितिजही खाली बसते, गच्चीवर गेलो की तेही वर चढते.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मसाच्चोने सुमारे १४२७ साली भिंतीवर 'पवित्र त्रैक्य' रंगवले. तेव्हा तो पंचविशीत होता, पुढच्याच वर्षी वारला. सपाट भिंतीत कमानीचे खोल दालन असल्याचा भास होतो. त्या छताच्या साऱ्या रेषा जिथे मिळतात, तो बिंदू क्रुसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. देव माणूस झाला, असे आम्ही ख्रिस्ती लोक दर नाताळात ऐकतो. इथे त्याचा क्रूस सामान्य माणसाच्या नजरेपर्यंत खाली येऊन उभा आहे.

आणखी एक गोष्ट. दालन खालून पाहिल्यासारखे रेखले आहे. वर उभा असलेला पिता मात्र अगदी समोरून दिसतो. जणू आपल्या उभे राहण्याच्या जागेचा नियम त्याला लागू नाही.

बँकेत अधिकारी असताना कर्ज मागायला आलेली माणसे मी टेबलाच्या एकाच बाजूने पाहिली. माझ्या खुर्चीवरून ती लहान दिसत. ती तेवढीच आहेत, असे मी धरून चाललो. काहींना दिलेला नकार नियमाला धरून होता. तरी आज तो सलतो. एकदा तरी उठून पलीकडच्या खुर्चीवर बसायला हवे होते.

नातीने शेवटी रूळ एका बिंदूत मिळवले. मग त्या बिंदूच्या पलीकडे चिमुकली गाडी काढली. म्हणाली, "ती पुढे गेली, आजोबा. आपल्याला इथून दिसत नाही, एवढंच."