शेवगावकरांनी घरी पाहावेत असे प्रभात फिल्म कंपनीचे तीन चित्रपट

एका अंगास एकनाथांचे पैठण आणि दुसऱ्या अंगास ज्ञानेश्वरीचे नेवासे लाभलेल्या आपल्या शेवगाव तालुक्यातील प्रत्येक घरात, या भूमीशी नाते सांगणारे पुढील चित्रपट सहकुटुंब पाहिले जावेत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

'धर्मात्मा' (१९३५) : व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटाचे मूळचे 'महात्मा' हे नाव सरकारी परीक्षण-मंडळाच्या हरकतीमुळे बदलावे लागले. एकनाथ साकारणाऱ्या बालगंधर्वांचा अभिनय रंगभूमीच्या वळणाचा असला, तरी अस्पृश्याच्या घरी भोजनास जाणाऱ्या नाथांची करुणा आजही अंतःकरणास भिडते.

'संत ज्ञानेश्वर' (१९४०) : दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन. चालणाऱ्या भिंतीसारखे चमत्कार त्या काळच्या तुटपुंज्या साधनसामग्रीने इतक्या सफाईने चित्रित केले आहेत, की त्या तंत्रज्ञांविषयी आदर दुणावतो. ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे आपल्याच अहमदनगरचे सुपुत्र.

'माणूस' (१९३९) : तिहींत माझ्या मते सर्वश्रेष्ठ. मैना या वेश्येवर प्रेम करणारा पोलीस शिपाई गणपत ज्या संयमाने याच शाहू मोडकांनी रंगविला आहे आणि शांता हुबळीकरांनी मैनेला जी प्रतिष्ठा दिली आहे, ते पाहता एवढ्या वर्षांनंतरही हा चित्रपट जुना वाटत नाही.

एकच पाहणे शक्य असल्यास 'माणूस' निवडावा, आणि आपला अभिप्राय येथे विस्ताराने नोंदवावा.