नकाराची ताकद

पेरूची राजधानी लिमा येथे अर्थतज्ज्ञ हर्नांडो दे सोतो यांच्या संस्थेने १९८३ साली एक प्रयोग केला. कपडे शिवण्याचा एक लहान कारखाना काढावयाचा आणि त्याचे सर्व परवाने वशिल्याविना, नियमाप्रमाणे मिळवावयाचे. त्यास २८९ दिवस लागले. दहा वेळा लाच मागितली गेली. ती टाळण्याचा निश्चय असूनही दोनदा द्यावी लागली, कारण त्यावाचून काम पुढे सरकतच नव्हते. प्रयोग करणाऱ्यांचा संसार त्या कारखान्यावर चालत नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

ज्याचे कर्जाचे व्याज रोज चढते आहे, त्याला इतकी प्रतीक्षा झेपत नाही. अधिकाऱ्याच्या हाती परवान्याइतकाच विलंबही असतो आणि व्यापारी बहुधा त्या विलंबाचीच किंमत मोजतो. युगांडातील उद्योगांचा याकोब स्वेन्सन यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडून अधिक रक्कम उकळली जाते. मात्र ज्याला आपले भांडवल सहज दुसरीकडे वळविता येते त्याला कमी द्यावे लागते, असे त्यात आढळले. जमिनीत रोवलेली अवजड यंत्रे उचलून कोठे न्यावयाची?

आपल्याकडे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच देणाऱ्यासही आता सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सक्तीने द्यावी लागली असल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. परंतु नूतनीकरणासाठी पुढील वर्षी त्याच मेजापुढे उभे राहावयाचे असते. म्हणून तक्रार करण्यास मन धजत नाही.

वहीत या रकमेला ‘किरकोळ खर्च’ असे सोज्वळ नाव मिळते. श्रावकाची खरी अडचण मात्र तेथेच सुरू होते. लाच रोख द्यावी लागते, त्या रोकडीसाठी काही माल बिनपावतीचा विकावा लागतो, आणि मग कर चुकतो, हिशोबही खोटा होतो. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन गणले आहे. लाच बळजबरीने घेतली गेली, असे म्हणता येईल. तिच्यासाठी फाडलेली कच्ची पावती मात्र दुकानदाराने स्वहस्ते लिहिलेली असते.