घराचा विस्तार आणि राफ्ट पाया : झाशीच्या जमिनीचा हिशोब

झाशीचा किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे, ती ग्रॅनाइट खडकाची आहे. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेल्या या किल्ल्याला पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी अठराव्या शतकात नवा भाग जोडला. तो शंकरगड या नावाने ओळखला जातो. जुन्या बांधकामाला नवे जोडण्याचे हे उदाहरण खडकावरचे होते. मराठी सुभेदारीच्या काळापासून येथे स्थायिक झालेली कुटुंबे आज आपल्या घराला एखादी खोली जोडू पाहतात, तेव्हा त्यांना तसाच खडक लाभेल याची मात्र शाश्वती नसते.

बुंदेलखंडातील शेतकरी जमिनीची चार नावे सांगतो : राकड, पडुआ, काबर आणि मार. राकड म्हणजे उतारावरची तांबूस, खरखरीत माती. तिच्याखाली बहुधा थोड्याच खोलीवर खडक लागतो. पडुआ हलकी आणि मिश्र. काबर व मार या काळ्या, चिकण जमिनी. त्या पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि त्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना ही काळी जमीन वेगळी सांगावयास नको. झाशी शहराच्या आसपास तांबडी जमीन अधिक, तर जिल्ह्यातील मोठ व गरौठा या भागांत काळी अधिक आढळते.

अलीकडे ‘राफ्टच घालून टाका, चिंता नको’ असा सल्ला सर्रास दिला जातो. राफ्ट म्हणजे बांधकामाच्या संपूर्ण क्षेत्रावर ओतलेला सळईयुक्त काँक्रीटचा सलग थर. घराचा भार तो तराफ्याप्रमाणे सर्वत्र पसरवितो. जमीन मऊ असेल, भराव टाकलेला असेल किंवा जागोजागी तिची ताकद कमी-अधिक असेल, तेथे तो उपयुक्त ठरतो. परंतु तीन-चार फुटांवर खडक किंवा घट्ट मुरूम लागत असेल, तर राफ्ट हा बहुधा निव्वळ अपव्यय होय.

तो किती, हे एका उदाहरणाने पाहू. ४ मीटर × ६ मीटरची एकमजली खोली जोडावयाची आहे. ३० सेंटिमीटर जाडीच्या राफ्टला ७.२ घनमीटर काँक्रीट लागेल. एम-२० प्रतीच्या मिश्रणाला घनमीटरमागे सुमारे आठ पोती धरल्यास सिमेंटची ५८ पोती होतात. खालच्या साध्या काँक्रीटची सात-आठ वेगळी. लोखंड अंदाजे साडेसहाशे किलो. याच खोलीच्या चारही भिंतींखाली दगडी पट्टी पाया आणि वर जोत्याची तुळई घेतल्यास सिमेंट तीस-बत्तीस पोत्यांत भागते आणि लोखंड शंभर किलोच्या आत राहते. म्हणजे राफ्टला सिमेंट दुप्पट व लोखंड सहा-सात पट. जाडी व सळई अर्थातच अभियंत्याच्या आराखड्यानुसार बदलतील, पण प्रमाणाची कल्पना यावरून यावी.

काळ्या जमिनीवर तरी राफ्ट निर्धोक असतो काय? तसेही नाही, आणि येथेच अनेकांची फसगत होते. पावसाचे पाणी प्रथम कडांखाली मुरते, त्यामुळे कडा उचलल्या जातात व मधला भाग कोरडा राहतो. पातळ राफ्ट अशा वेळी घराबरोबरच वाकतो. म्हणून राफ्टला तुळयांनी ताठरपणा द्यावा लागतो, किंवा वरची काळी माती काढून तेथे न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवावा लागतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी या पद्धतीचा पाया घातला. नुसती वाळू भरणे येथे उपयोगाचे नाही. ती पाणी धरून ठेवते. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेला अंडर-रीम्ड पाइल हा दुसरा मार्ग. सुमारे साडेतीन मीटर खोलीवर, म्हणजे ऋतुमानाचा परिणाम फारसा पोहोचत नाही तेथे, खांबाचा तळ कंदासारखा फुगवून तो पकड घेतो. छोट्या विस्तारासाठी पुष्कळदा हाच उपाय स्वस्त पडतो.

जुन्या भिंतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ती पन्नास वर्षांत खचावयाची तेवढी खचून स्थिरावलेली असते; नवा पाया मात्र आता खचू लागणार. दोन्ही एकजीव केल्यास सांध्यावर तिरकी भेग ठरलेलीच. म्हणून मध्ये दोन-अडीच सेंटिमीटरची फट सोडून ती लवचीक साहित्याने भरतात. जुन्या पायाच्या तळाखाली सलग खणणे तर सर्वथा टाळावे. खणावेच लागले, तर ते अभियंत्याच्या देखरेखीखाली, तुकड्या-तुकड्यांनी आणि आधार देऊनच.

आता पैशाचा भाग. घरविस्ताराचे कर्ज अभियंत्याच्या अंदाजपत्रकावर मंजूर होते आणि बांधकामाच्या टप्प्यांनुसार वितरित होते. ग्राहकाचा स्वतःचा हिस्सा बहुधा आधी घालावा लागतो. पायाचा खर्च अनपेक्षितपणे वाढला, तर नेमका हाच हिस्सा जमिनीत जातो आणि भिंती छतापर्यंत येण्यापूर्वी हात आखडतो. वाढीव कर्जासाठी नव्याने छाननी होते, तोवर उघडा खड्डा पावसाची वाट पाहत राहतो. यास्तव अर्ज करण्यापूर्वीच दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यावेत व मातीची तपासणी करून घ्यावी. हा खर्च एकूण कामाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. ठेकेदाराचा चौरस फुटाचा दर किती खोलीपर्यंतचा आहे, हे करारात लिहून घ्यावे; पुढील खोलीचा दर घनमीटरवर वेगळा ठरवावा.

मौरंग, म्हणजे बेतवा-केनची जाड वाळू, पावसाळ्यात नदीपात्रातील उत्खनन बंद असल्याने महागते. पावसाळ्यापूर्वी पाया जोत्यापर्यंत आणावयाचा असल्यास तिची खरेदी उन्हाळ्यातच उरकावी. वाडा सामाईक असेल तर सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि झाशी विकास प्राधिकरणाची आवश्यक परवानगी अर्जापूर्वीच हाती असावी.

पाया बुजविण्यापूर्वी सळयांची छायाचित्रे काढून, प्रत्यक्ष खोली नोंदविलेला नकाशा कर्जाच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. पुढे दुसरा मजला चढवावयाचा झाल्यास अभियंता सर्वप्रथम तोच मागेल.