गोळी किती पुरे?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला औषध किती द्यायचे, हा प्रश्न तीसेक वर्षे अंदाजपंचेच सुटत होता. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात ज्याँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे बोलू-चालू लागली. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. औषधे लागू पडत होती, पण मापाचा पत्ता नव्हता. थोड्याने गुण येतो तर जास्तीने आणखी येईल, या हिशेबाने पुढच्या काळात काही ठिकाणी हॅलोपेरिडॉलचा डोस दिवसाला ५०, कधी १०० मिलिग्रॅमपर्यंत चढवला जाई. रुग्णाच्या कानातले आवाज थांबत. पण चेहरा मुखवट्यासारखा होई, हात थरथरत, तोंडातून लाळ गळे, एका जागी बसवत नसे. घरच्यांना वाटे, आजारच असा. पुष्कळदा तो आजार नसे, डोस असे.

अंदाज बांधण्याची एक बरी रीत होती, पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. हान्स-योआखिम हासे हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ रुग्णाकडून रोज काही ओळी लिहून घेत. औषध हळूहळू वाढवताना एके दिवशी अक्षर आक्रसू लागे, ओळी आखूड होत. हासे म्हणत, थांबा, एवढेच पुरे. १९९१ साली अमेरिकेत जोसेफ मॅकएव्हॉय आणि सहकाऱ्यांनी हाच उंबरठा मोजला. हॅलोपेरिडॉलसाठी तो सरासरी ३.७ मिलिग्रॅम भरला आणि त्यापुढे डोस वाढवून आजारात ज्यादा सुधारणा दिसली नाही. असे का, याचे उत्तर अक्षरात सापडणार नव्हते. त्यासाठी जिवंत माणसाच्या मेंदूत डोकवावे लागणार होते.

डोकवायचे कुठे, हे कळण्यात एका भारतीय मुळीचा वाटा आहे. सर्पगंधा आपल्याकडे वेड आणि निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या दिली जाई. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. मुळीतून वेगळे काढलेले रिसर्पिन स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना टोचले, तेव्हा ससे कान पाडून निपचित पडले. मग एल-डोपा दिले, तर थोड्याच वेळात उठून बसले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनते. १९५७ सालच्या या प्रयोगातून डोपामिन हा चेतापेशींमधला निरोप्या असल्याचे पुढे आले. त्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. १९७५-७६ मध्ये टोरांटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवून दिले की, जे औषध डोपामिनचा निरोप झेलणाऱ्या डी-२ रिसेप्टरला जितके घट्ट चिकटते, तितका त्याचा डोस कमी लागतो. मात्र हे सारे परीक्षानळीत, प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतींवर.

जिवंत माणसाच्या मेंदूतले हे रिसेप्टर पहिल्यांदा दिसले ते २५ मे १९८३ रोजी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. यंत्राखाली आडवे झाले होते स्वतः हेन्री वॅग्नर, तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिनचे प्रमुख, वय ५६. इतरांवर करण्याआधी स्वतःवर, हा जुन्या वैद्यांचा बाणा त्यांनी राखला म्हणायचा.

या तंत्राचे नाव पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, रोजच्या भाषेत पेट स्कॅन. त्याचा खरा कस लागला तो स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत. सायक्लोट्रॉनमध्ये नायट्रोजनवर प्रोटॉनचा मारा करून कार्बन-११ तयार करतात. हा कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. तासाभराने एक-अष्टमांश. म्हणजे शिशाच्या भिंतीआड तो डी-२ रिसेप्टरला चिकटणाऱ्या रॅक्लोप्राइड या रेणूला जोडायचा, शुद्ध करायचा, तपासायचा आणि रुग्णाच्या शिरेत सोडायचा, हे सगळे धावपळीतच. रुग्ण मात्र मुळीच हलता कामा नये. त्यासाठी प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाचे प्लास्टरचे शिरस्त्राण आधीच करून ठेवलेले असे. ते घालून माणूस यंत्राच्या कड्यात डोके ठेवून पडून राही. कार्बनमधून निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि गॅमा किरणांची जोडी एकमेकांविरुद्ध दिशांना सुटते. कड्यातले संवेदक ती जोडी एकाच क्षणी टिपतात. अशा असंख्य जोड्यांवरून संगणक चित्र काढतो. मेंदूच्या मध्यभागी खोल असलेला स्ट्रायटम हा भाग त्यात लखलखतो, कारण डी-२ रिसेप्टरची सर्वांत दाट वस्ती तिथे. लहान मेंदूत ते जवळजवळ नसतातच, म्हणून तुलनेला तो भाग धरतात.

औषध चालू असलेल्या रुग्णात तोच स्ट्रायटम मंद दिसतो. पंगतीत पाने आधीच अडलेली असली, तर उशिरा आलेल्यांना बसायला जागा मिळत नाही; किती जण परत फिरले यावरून किती पाने अडली होती याचा हिशेब लागतो. रॅक्लोप्राइड हे उशिरा आलेले पाहुणे. लार्स फार्डे, योरान सेदवाल आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली जाहीर केलेला आकडा असा: रासायनिकदृष्ट्या निरनिराळी अकरा औषधे नेहमीच्या डोसात चालू असताना डी-२ रिसेप्टर ६५ ते ८५ टक्के व्यापलेले होते. पुढे त्यांनीच दाखवले की, हे प्रमाण साधारण ८० टक्क्यांच्या वर गेले की अंग आखडणे, कंप यांचे प्रमाण वाढते.

टोरांटोत शितिज कपूर यांनी हा धागा पुढे नेला. दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकी शिकलेले आणि आज लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख असलेले हेच कपूर. २००० सालच्या त्यांच्या अभ्यासात पहिल्यांदाच आजारी पडलेले २२ रुग्ण होते. कोणाला कोणता डोस हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून दिवसाला १ किंवा २.५ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल दिले. ६५ टक्के रिसेप्टर व्यापले की गुण येण्याची शक्यता वाढे, ७२ च्या पुढे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढे, ७८ च्या पुढे हातपाय आखडत. म्हणजे गुण आणि त्रास यांच्यामध्ये जेमतेम तेरा टक्क्यांची फट. याआधी याच गटाने पाहिले होते की रोज २ मिलिग्रॅमनेही सरासरी दोन-तृतीयांश रिसेप्टर व्यापले जातात. मग १०० मिलिग्रॅम कशासाठी दिले जात होते? सगळी जागा भरल्यावर उरलेले औषध फक्त त्रास देत होते.

नैराश्यावरच्या गोळ्यांचेही तसेच. २००४ साली टोरांटोच्याच जेफ्री मेयर यांच्या गटाला दिसले की, नेहमीच्या किमान डोसातच सेरोटोनिन शोषून घेणाऱ्या वाहकांपैकी सुमारे ८० टक्के अडवले जातात.

पेटने डोसाचा प्रश्न असा मार्गी लावला. निदानाच्या बाबतीत मात्र त्याने बरीच निराशा केली. १९८६ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने स्किझोफ्रेनियात डी-२ रिसेप्टर खूपच वाढलेले असतात असे जाहीर केले, तेव्हा आजाराचा ठसा सापडला म्हणून सगळे हरखले. पाठोपाठ स्टॉकहोमने पाहिले, तर कधीच औषध न घेतलेले रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्यात फरक दिसेना. दोन्हीकडे रेणू वेगळे, गणिताची पद्धत वेगळी. वाद वर्षानुवर्षे चालला. हळूहळू लक्ष रिसेप्टरवरून त्यांच्याकडे येणाऱ्या डोपामिनकडे वळले. १९९६ साली मार्क लारुएल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ॲम्फेटामिन दिल्यावर या रुग्णांत डोपामिन जास्त सुटते. हा फरक गटागटांत दिसतो. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून त्याला स्किझोफ्रेनिया आहे की नाही, हे आजही सांगता येत नाही.

उपयोगाचा धडा अपयशातून मिळाला. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये ॲडम वोल्किन यांनी हॅलोपेरिडॉलने गुण आलेले आणि न आलेले रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. दोघांचेही रिसेप्टर सारखेच अडलेले. औषध नेमके जागी पोचले होते, तरी आवाज थांबले नव्हते. अशा रुग्णाचा डोस वाढवत राहणे म्हणजे निव्वळ छळ, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे. आधी किमान तीन औषधे हरलेल्या २६८ रुग्णांवरच्या जॉन केन यांच्या १९८८ सालच्या चाचणीत सहा आठवड्यांत ३० टक्क्यांना त्याने गुण आला, जुन्या क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्क्यांना. गंमत अशी की, फार्डे यांच्या मोजणीत क्लोझापिनने निम्म्याच्या आसपासच डी-२ रिसेप्टर व्यापले होते. एवढ्याशा भांडवलावर ते इतके काम कसे करते, यावर अजून खल चालू आहे. पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा धोका असल्याने सुरुवातीला त्याच्याबरोबर दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते, आणि बहुधा या कटकटीमुळेच ते हवे तितके वापरले जात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोडगोळीला परवानगी दिली. स्किझोफ्रेनियासाठी डोपामिनचे रिसेप्टर न अडवता काम करणारे हे तिथले पहिले औषध. ते मस्कॅरिनिक रिसेप्टरवर काम करते. पासष्ट आणि ऐंशीचा हिशेब त्याला लागू नाही.

आपल्याकडे देशातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसले. आज मोठ्या शहरांत अशी यंत्रे आहेत, पण ती मुख्यतः कर्करोगासाठी आणि त्यात वापरली जाते ती किरणोत्सारी साखर. डोपामिनचे रिसेप्टर त्यात दिसत नाहीत. 'एकदा मेंदूचा स्कॅन करू, म्हणजे नक्की काय ते कळेल' असे म्हणत दवाखान्यात येणारी कुटुंबे पुष्कळ असतात. मेंदूत गाठ किंवा इजा नाही ना, हे पाहायला डॉक्टर एमआरआय सांगतात, ते योग्यच. डोस ठरवायला मात्र कोणाचा पेट काढायची गरज नाही. ते काम स्टॉकहोम आणि टोरांटोतल्या रुग्णांनी प्लास्टरचे शिरस्त्राण घालून आणि कड्यात डोके ठेवून आपल्यासाठी आधीच करून ठेवले आहे. त्यातून निघालेले आकडे आज डोसाच्या शिफारशींत आहेत.

म्हणून घरात कोणी ही औषधे घेत असेल, तर चालताना हात हलेनासे झाले, अक्षर बारीक होत गेले, माणूस सारखा येरझारा घालू लागला, तर 'आजार वाढला' असे परस्पर ठरवू नका आणि गोळीही परस्पर बंद करू नका. दोन्ही सारखेच धोक्याचे. आमटीत कालवून गुपचूप गोळी देणाऱ्यांनी तर हे बदल जास्तच डोळ्यांत तेल घालून पाहावेत, कारण रुग्ण स्वतः तक्रार करणार नाही. डॉक्टरांना नेमके काय दिसले ते सांगा आणि डोस कमी करता येईल का, हे सरळ विचारा. पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये कुटुंबीयांना याच वाटेने गेलेली माणसे भेटतात. आणि डॉक्टर गाठता येत नसतील, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.