कथानकाविना रूपांतर : टॉल्किन यांची 'मिडल-अर्थ' आणि 'म्यूम'

'रूपांतर' ही संज्ञा मराठी वाङ्मयव्यवहारात प्रामुख्याने नाटकाच्या संदर्भात रुजली. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले तेव्हा पात्रांची नावे बदलली, स्थळ बदलले, रीतिरिवाज बदलले. परंतु संशयाने ग्रासलेला पती निरपराध पत्नीचा घात करतो, हा घटनाक्रम कायम राहिला. नावगाव बदलावे आणि कथानक राखावे, हा रूपांतराचा जणू अलिखित नियमच आपण गृहीत धरत आलो आहोत. प्रस्तुत लेखात ज्या रूपांतराचा विचार करावयाचा आहे, त्यात हा नियम नेमका उलटा झालेला दिसतो. तेथे नावे आणि गावे निष्ठेने जपली आहेत. सोडून दिले आहे ते कथानक.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या ग्रंथांवर आधारलेला 'मल्टी-यूझर्स इन मिडल-अर्थ', संक्षेपाने 'म्यूम', हा खेळ गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकारंभी स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाला. तो कोणत्याही कंपनीचे उत्पादन नाही. टॉल्किन यांच्या वाचकांनी तो फावल्या वेळात रचला आणि तो विनामूल्य खेळता येतो. या प्रकारच्या खेळांना 'मड' म्हणतात. त्यांचा उगम १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये 'डिकूमड' हा सांगाडा खुला केला. त्यावरून नफा मिळवू नये, एवढी अट घातली. 'म्यूम' त्याच सांगाड्यावर उभा राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या खेळात मुळात चित्र नाही. पडद्यावर गद्याचा एक परिच्छेद उमटतो : आपण कोठे उभे आहोत, वाट कोणत्या दिशांना जाते, समोर कोण आहे. खेळाडू 'उत्तर', 'पूर्व', 'उघड', 'बोल' अशा अर्थाच्या इंग्रजी आज्ञा टंकित करतो आणि पुढचा परिच्छेद येतो. अशा प्रत्येक परिच्छेदाला या परिभाषेत 'रूम' म्हणतात. मग ते अरण्य असो की नदीचे पात्र. चित्रपटाच्या माध्यमांतरात शब्द गळून पडतो. येथे शब्दाचे रूपांतर शब्दातच होते, आणि म्हणूनच या प्रकाराकडे तुलनाकारांचे इतके दुर्लक्ष व्हावे याचे मला नवल वाटते.

कथानक का सोडावे लागले? एका वर्गात हा विषय निघाला असता एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "मग फ्रोडो कोण होतो?" कोणीच नाही, हे त्याचे उत्तर. कादंबरीत नायक एक असतो; खेळात एकाच वेळी अनेक जण हजर असतात आणि प्रत्येकाला आपली गोष्ट हवी असते. शिवाय अंगठी एकदा ज्वालामुखीत नष्ट झाली की उद्या खेळायला येणाऱ्यासाठी काय उरणार? निर्मात्यांनी यावर शोधलेला उपाय असा की, बिल्बोला अंगठी सापडल्यानंतरचा आणि फ्रोडो घराबाहेर पडण्यापूर्वीचा काळ निवडावा. टॉल्किन यांच्या कालगणनेत तिसऱ्या युगाची २९४१ ते ३०१८ ही सत्त्याहत्तर वर्षे होत. मूळ ग्रंथात हा काळ बव्हंशी परिशिष्टातील नोंदींत आणि पात्रांच्या आठवणींत आहे. आपल्या आख्यानक कवींनी महाभारतातील उपाख्यानांवर स्वतंत्र काव्ये रचली. महाकाव्याच्या मुख्य प्रवाहाला धक्का न लावता बाजूच्या जागेत वस्ती करण्याची ती रीत येथे आठवते. मात्र आख्यानकार कथाच सांगतो. येथे सांगणारा कोणी नाही.

टॉल्किन यांना हे रुचले असते काय? १९५१ च्या सुमारास मिल्टन वॉल्डमन या प्रकाशकांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी एक जुने स्वप्न नमूद केले आहे : आपल्या पुराणकथाचक्रातील काही कथा पूर्ण रंगवाव्यात, काहींचा आराखडाच ठेवावा, म्हणजे चित्र, संगीत व नाट्य हाताळणाऱ्या इतरांना त्यात वाव राहील. लगेच त्यांनी स्वतःच ही कल्पना हास्यास्पद ठरवली. त्यांच्या कादंबरीवर बेतलेली एक चित्रपटसंहिता १९५८ मध्ये त्यांच्यापुढे आली, तेव्हा मात्र ते चिडले. मारामाऱ्या वाढवल्या, ऋतूंचा आणि अंतरांचा हिशेब बिघडवला, असे त्यांचे आक्षेप होते.

हे दोन्ही आक्षेप 'म्यूम'ला लावून पाहणे उद्बोधक आहे. अंतराच्या बाबतीत हा खेळ टॉल्किन यांच्या अगदी निकट आहे. पात्राची पायरी चढण्यासाठी येथे अनुभवांक पुरत नाहीत. नव्या प्रदेशात प्रथमच पाऊल ठेवल्याबद्दल मिळणारे प्रवासांकही लागतात. म्हणजे चालावे लागते. खेळ थांबवायचा तर सामान्यतः एखादी सराई गाठून तेथे मुक्काम करायचा. ब्री गावची सराई ही त्यांतली प्रसिद्ध. ज्या कादंबरीचा मोठा भाग पायपिटीने व्यापला आहे, तिचा हा मर्मग्राही अनुवाद म्हणावा लागेल.

मारामारीच्या बाबतीत मात्र मूळ सांगाडा आड येतो. अनुभवांक मुख्यतः वधातून मिळतात. कादंबरीत बिल्बो गॉलमला मारत नाही, पुढे फ्रोडोही मारत नाही, आणि अखेरीस फ्रोडोचा निश्चय ढळतो तेव्हा त्या जिवंत ठेवलेल्या गॉलममुळेच अंगठी नष्ट होते. करुणेवर उभी असलेली ही रचना हत्येच्या हिशेबात बसू शकत नाही. दयेला गुण देण्याची सोय त्यात नाही. मृत्यूचेही तसेच. टॉल्किन यांच्या विश्वात मृत्यू ही मानवाला मिळालेली देणगी आहे. खेळात मेलेले पात्र थोडे अनुभवांक गमावून परत येते आणि आपल्याच प्रेताजवळचे सामान शोधत फिरते.

परंतु याच खेळाने एक अनपेक्षित गोष्ट केली आहे. येथे ऑर्कही होता येते. ऑर्क आले कोठून, त्यांना आत्मा असेल काय, या प्रश्नाने टॉल्किन यांना उत्तरायुष्यात छळले आणि त्यांच्या टिपणांत त्याचे निश्चित उत्तर सापडत नाही. 'म्यूम'मध्ये शत्रुपक्षाचा खेळाडू समोर आला तर त्याचे नाव दिसत नाही. दोन तारकाचिन्हांच्या मध्ये केवळ त्याचा वंश दिसतो. एल्फला तो निव्वळ 'एक ऑर्क' असतो. ऑर्कच्या बाजूने पाहणाऱ्यालाही समोर निव्वळ 'एक एल्फ'च दिसतो, आणि स्वपक्षातील ऑर्क मात्र आपापल्या नावांनी परस्परांना हाक मारत असतात.